स्मरण, सावधानता आणि चित्तस्वास्थ्य

चित्त स्वस्थ असावे ही इच्छा जीवमात्राच्या ठिकाणी स्वाभाविक आहे. अन्न, वस्त्र, निवारा असूनही ज्यास रात्री झोप येत नाही तो स्वतःस दरिद्रीच मानतो. आणि कोरड्या भाकरीवर ज्याचे मन निवांत आहे त्याचा श्रीमंतासही हेवा वाटतो. या स्वास्थ्याच्या शोधात अलीकडच्या काळी एक साधन फार प्रसिद्धीस आले आहे. इंग्रजीत त्यास 'माइंडफुलनेस' म्हणतात. मराठीत कोणी त्यास सजगता म्हणतात, कोणी सावधानता. श्वासाकडे लक्ष द्यावे, मनात आलेला विचार पाहावा, त्याच्यामागे धावू नये, हातातील कामावर चित्त ठेवावे, आणि त्यायोगे चिंता, चिडचिड व निद्रानाश कमी करावा, असा त्याचा थोडक्यात आशय आहे. रुग्णालये, शाळा, कचेऱ्या येथे त्याचे वर्ग चालतात. मोबाइलवरही त्याचे पाठ मिळतात.

वासनिकांच्या घरांतही हा विषय पोचला आहे आणि त्यापाठोपाठ दोन प्रश्न आले आहेत. पहिला प्रश्न असा की, मार्गात जे स्मरण सांगितले आहे ते आणि ही सावधानता एकच काय? दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. स्मरणाने मन शांत होते हा पुष्कळांचा अनुभव आहे. मग शांतीसाठीच स्मरण केले तर त्यात दोष कोणता? पहिला प्रश्न शब्दार्थाचा, दुसरा आचाराचा. शब्दार्थ स्पष्ट झाल्यावाचून आचाराचा निर्णय करता येत नाही; यास्तव त्याच क्रमाने विचार करणे योग्य होईल.

शब्दविचार

'माइंडफुलनेस' हा शब्द ज्या मूळ शब्दासाठी योजला गेला तो पाली भाषेतील 'सति' हा शब्द होय. ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडिताने १८८१ साली बौद्ध सुत्तांचे भाषांतर करताना 'सति'साठी हा प्रतिशब्द घेतला आणि पुढे तोच रूढ झाला. पाली 'सति' म्हणजेच संस्कृत 'स्मृति'. धातू तोच, 'स्मृ', ज्यापासून 'स्मरण' हा शब्द झाला. म्हणजे आज ज्या साधनाचा 'भूत-भविष्य सोडून वर्तमानात राहणे' असा अर्थ केला जातो, त्याचे मूळ नाव आठवण असे आहे. हा केवळ व्युत्पत्तीचा योगायोग नव्हे. ज्यास काहीच आठवत नाही तो सावध असू शकत नाही. वाटेने चालणाऱ्यास आपण कोठे निघालो आहोत याची आठवण असली तरच तो वाट चुकल्याचे त्यास कळते. गंतव्य विसरलेल्या मनुष्याने प्रत्येक पाऊल कितीही काळजीपूर्वक टाकले तरी तो भटकतच राहतो.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदास सतीचे स्वरूप समजावून देतात. त्यांनी दिलेला पहिला दृष्टान्त राजाच्या भांडागारिकाचा आहे. हा भांडारी सकाळ-संध्याकाळ राजास त्याच्या हत्ती, घोडे, रथ व सुवर्ण यांची आठवण करून देतो. म्हणजे आपल्यापाशी काय आहे हे राजा विसरत नाही. दुसरा दृष्टान्त राजाच्या विश्वासू मंत्र्याचा आहे. राजास हितकर कोण आणि अहितकर कोण हे हा मंत्री ओळखतो, हितकरास जवळ करतो व अहितकरास दूर सारतो. या दोन दृष्टान्तांचा इत्यर्थ असा की, सती ही नुसती पाहणारी नव्हे, निवड करणारीही आहे. तिच्या ठिकाणी स्मरण आहे आणि विवेकही आहे. बौद्ध अष्टांगिक मार्गात 'सम्यक् स्मृती' असे विशेषण लावूनच तिची गणना झाली आहे, आणि तिच्या विरुद्ध 'मिथ्या स्मृती'ही मानली आहे. मांजर उंदरावर टपून बसते तेव्हा त्याच्या एकाग्रतेत उणे काय असते? तथापि त्या एकाग्रतेस कोणी साधन म्हणत नाही.

पातंजल योगसूत्रांतही स्मृती एका ठिकाणी चित्ताच्या पाच वृत्तींत गणली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी श्रद्धा, वीर्य यांच्या पंक्तीस साधन म्हणून बसविली आहे. एकच स्मृती बांधणारी होते आणि तीच सोडविणारी होते. तिचा विषय कोणता व हेतू कोणता यावर सर्व काही अवलंबून आहे.

एका मस्तकशूळाची कथा

विषय व हेतू यांचा हा भेद किती महत्त्वाचा आहे हे एका अलीकडील उदाहरणावरून ध्यानी येते. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले व्यापारी गृहस्थ. त्यांना अर्धशिशीचा असह्य विकार होता आणि त्यावर मॉर्फिन टोचून घेण्यापर्यंत पाळी आली होती. देशोदेशींच्या वैद्यांकडून गुण न आल्यावर १९५५ साली ते रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकावयास गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. कचेरीचे काम सांभाळून ते साधना शिकवीत. गोएंका स्वतः सांगत असत की, डोकेदुखी जावी म्हणून आलो आहे असे म्हणताच गुरूंनी त्यांना नकार दिला. चित्तशुद्धीसाठी येत असाल तर या. व्याधी गेली तर ती आनुषंगिक गोष्ट समजा, असा त्या नकाराचा आशय होता. गोएंकांनी ते मान्य केले. पुढे त्यांची व्याधीही गेली. १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे त्यांचे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रातील सहस्रावधी लोकांना सावधानतेची ओळख झाली ती याच केंद्रामुळे. गोएंका २०१३ साली निवर्तले.

याच्या नेमके उलट पाऊल अमेरिकेत उचलले गेले. जॉन कबाट-झिन या शास्त्रज्ञाने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. दीर्घकाळ वेदना सोसणारे आणि औषधोपचारांनी पुरेसा गुण न आलेले रुग्ण त्यात घेतले जात. बौद्ध साधनेतील श्वासाचे व देहसंवेदनांचे निरीक्षण त्यात होते. परंतु बुद्ध, धर्म, निर्वाण या शब्दांस त्यात बुद्धिपुरस्सर स्थान दिले नव्हते. ऊ बा खिन यांनी ज्या कारणासाठी दार लावले, त्याच कारणासाठी कबाट-झिन यांनी ते उघडले.

या दुसऱ्या मार्गाचे फळ काय झाले हे निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना खिन्नतेचा आजार तीन वा अधिक वेळा होऊन गेला होता अशा रुग्णांत, सावधानतेच्या शिक्षणाने तो उलटण्याचे प्रमाण बरेच कमी झालेले आढळले. ज्यांना तो दोनदाच झाला होता त्यांच्यात मात्र असा लाभ दिसला नाही. २००४ साली ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने वारंवार खिन्नता येणाऱ्या रुग्णांसाठी या उपचाराची शिफारस केली. उलट, ब्रिटनमधील शाळांतून आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सरसकट सर्व मुलांना हे शिक्षण दिल्याने नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ होतो असे दिसले नाही. तात्पर्य, हे औषध खरे आहे. परंतु ते सर्वांस व सर्वकाळ लागू पडणारे नाही. औषधाचा गुणधर्मच तसा असतो.

पूर्वपक्ष

येथे पूर्वपक्षी म्हणेल: 'फळ मिळाले म्हणजे झाले, हेतूची चिकित्सा कशास हवी? तहानलेल्याने पाणी पिताना नदीचा उगम पाहावा काय? मनुष्य चिंतेने पोळला आहे. त्याने श्वास पाहिला अथवा नाम घेतले आणि त्यास अर्धी घटका विसावा मिळाला, तर तेवढ्यापुरते ते साधन सार्थ झाले. अमुक हेतूनेच स्मरण करावे असा आग्रह धरणे म्हणजे बुडत्यास हात देण्यापूर्वी त्याचे कुळगोत्र विचारण्यासारखे आहे.'

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याच्या मुळाशी करुणा आहे आणि करुणेस तुच्छ लेखून कोणताही धर्मविचार उभा राहत नाही. बुडत्यास हात द्यावा हे निर्विवाद होय. ज्याचे चित्त रोगाने व्यापले आहे त्याने उपचार म्हणून सावधानता शिकावी, वैद्याने ती शिकवावी. त्यात दोष नाही. रुग्णाने औषध घेतले म्हणून त्यास सकाम कोण म्हणेल? वाद तेथे नाही. हात धरून काठास आणलेला मनुष्य पुढे कोठे जातो, हा खरा प्रश्न आहे. जो रुग्ण नाही, ज्याने साधनमार्ग स्वीकारला आहे, त्यानेही स्वास्थ्य हाच सावधानतेचा हेतू ठेवावा काय?

उत्तरपक्ष

हेतूची चिकित्सा करावयाची ती एवढ्यासाठी की, हेतू दृष्टीस दिशा देतो. ज्यास सत्य पाहावयाचे आहे तो सुखद आणि दुःखद अशा दोन्ही गोष्टींकडे पाहील. ज्यास केवळ शांती हवी आहे, त्यास अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीकडे न पाहण्याचे कारण आपोआप मिळते. आणि मनुष्यास अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी कोणत्या? त्यांत व्यर्थ चिंता असतात हे खरे. परंतु आपला स्वतःचा दोष, आपल्यामुळे दुसऱ्यास झालेले दुःख, टाळलेले कर्तव्य यांचीही टोचणी त्यांतच असते. पायात काटा रुतला असता जी वेदना होते ती काट्याचा पत्ता सांगते. ती वेदना लेप लावून घालवली आणि काटा तसाच ठेवला तर पाय कुजतो. शांतीच्या हेतूने केलेली सावधानता व्यर्थ चिंतेस जशी शांत करते तशीच ती या टोचणीसही शांत करू शकते. कारण दोहोंतील भेद करण्याची जबाबदारी तिने पत्करलेलीच नसते. नागसेनांचा मंत्री तेथे रजेवर असतो. भांडारी तेवढा कामावर असतो.

व्यवहारातील उदाहरण घेऊ. एका घरी भावाभावांत वाटणीवरून तंटा आहे. थोरल्याने धाकट्याची जमीन दाबली आहे. थोरल्यास रात्री झोप येत नाही. कोणी त्यास श्वास पाहावयास शिकविले, कोणी नाम घ्यावयास सांगितले, आणि त्यास झोप येऊ लागली. जमीन मात्र तशीच त्याच्याकडे राहिली. त्या साधनाने त्याचे हित झाले की अहित? पूर्वी जी झोप त्याच्या वैऱ्यासारखी वागत होती, तीच त्यास धर्माकडे नेऊ पाहत होती. तो एकच हितचिंतक त्याने घालवला.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. कर्जाने गांजलेला शेतकरी रात्रभर जागा आहे. त्यास 'मन शांत ठेवा, क्षणात जगा' एवढेच सांगणे क्रूरपणाचे होय. त्याची चिंता भ्रम नाही. कापसाचा भाव पडला आहे आणि सावकार दारी येतो आहे. त्याचे दुःख त्याच्या मनातच आहे असे म्हटले की बाहेरच्या सर्वांची सुटका होते. सोबत्यांचा आधार, हिशेबाचा विचार, योग्य त्या ठिकाणी मदतीची मागणी, आणि जीव नकोसा वाटू लागल्यास त्वरित वैद्याची भेट, या गोष्टी त्यास आधी हव्यात. सावधानता त्यास उपयोगी पडेल ती एवढ्याच अर्थाने की, भीतीने गोठलेल्या बुद्धीस पुढचे एक पाऊल दिसावे.

या ठिकाणी श्रीमद्भगवद्गीतेचा आदि आणि अंत एकत्र पाहावा. आरंभी अर्जुनाची जी स्थिती वर्णिली आहे ती आजच्या वैद्यास सहज ओळखता येईल: गात्रे गळाली आहेत, तोंड कोरडे पडले आहे, अंग कापत आहे, मन भ्रमल्यासारखे झाले आहे. केवळ चित्तस्वास्थ्य हेच प्रयोजन असते तर श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्यास रथातून उतरवून झाडाखाली बसविले असते आणि कंप थांबेपर्यंत वाट पाहिली असती. तसे झाले नाही. त्यास जीव, कर्म व परमेश्वर यांचे ज्ञान दिले गेले. दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश होतो असा अधःपाताचा क्रम दाखविला आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन आपला मोह गेल्याचे व स्मृती परत आल्याचे सांगतो. आपणास आता बरे वाटते असे तो म्हणत नाही. स्मृती आली, संदेह गेला, आता आज्ञेप्रमाणे करीन, असा त्याच्या उत्तराचा क्रम आहे. कंप थांबला असेलच. परंतु त्याचा उल्लेख करावा एवढेही महत्त्व त्यास राहिले नाही. स्मृतीचे खरे फळ आज्ञापालनाची सिद्धता हे होय. स्वास्थ्य तिच्या मागून चालत येते.

मार्गातील स्मरण

आता मार्गातील स्मरणाचा विचार करू. नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण परमेश्वराच्या असंनिधानी करावयाचे असते, ही गोष्ट उपदेशी जाणतात. असंनिधान हा शब्द येथे मर्माचा आहे. जो समोर आहे त्यास पाहावे. जो समोर नाही त्याची आठवण करावी. म्हणजे स्मरणाच्या मुळाशीच एक उणीव आहे, एक विरह आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर भक्तपरिवाराची जी अवस्था झाली तीत दुःख पुष्कळ होते. त्या दुःखाचे त्यांनी काय केले? ते विसरण्याचा उपाय त्यांनी शोधला नाही. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहून त्यांनी आठवण जतन केली. आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य एकांती लीळांचे मनन करीत, हे पाहून म्हाइंभटांच्या मनात त्या लीळा लिहून ठेवण्याची इच्छा उत्पन्न झाली असे परंपरा सांगते. ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले व ऐकले त्यांच्याकडून एकेक लीळा मिळवून म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे विरही अंतःकरणांनी जपलेल्या स्मृतींचा संचय आहे. पुढे श्रीनागदेवाचार्यांच्या आठवणींचा जो ग्रंथ झाला त्यास तर 'स्मृतिस्थळ' असेच नाव आहे.

त्या भक्तांनी त्या वेळी केवळ चित्तस्वास्थ्य शोधले असते तर काय झाले असते? आठवणीने डोळे भरतात म्हणून आठवण टाळावी, असा सल्ला त्यांना कोणीही दिला असता. दुःख ओसरले असते. आणि त्यासोबत लीळाही ओसरल्या असत्या. आज ज्या लीळांच्या आधारे स्मरण होते त्या त्यांच्या न टाळलेल्या दुःखाचे दान होत.

येथे बौद्ध सती व मार्गातील स्मरण यांतील भेदही नमूद केला पाहिजे. साम्य पाहून भेद विसरणे हा विवेक नव्हे. सतिपट्ठान सुत्तात सतीची चार अधिष्ठाने सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त व धर्म. साधक स्वतःच्याच देहाकडे व चित्ताकडे पाहतो आणि सर्व संस्कारांची अनित्यता जाणतो. ईश्वर तेथे विषय नाही, नित्य आत्माही तेथे मानलेला नाही. मार्गात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानले आहेत, आणि स्मरणाचा विषय परमेश्वर आहे. एकात दृष्टी आत वळते, दुसऱ्यात ती अवतारांकडे वळते. सिद्धान्त भिन्न असूनही एका गोष्टीत दोघांचे एकमत आहे: सुखासाठी साधन नाही. देवताफळ नाशवंत म्हणून साधकाने त्याची इच्छा धरू नये, असे जो मानतो त्याने चार घटकांच्या मनःशांतीस मोक्षाच्या जागी बसवावे, हे विसंगत होय. देवतेपाशी धन मागणारा आणि स्मरणापाशी केवळ झोप मागणारा, या दोघांत मागण्याच्या वस्तूचा भेद आहे. मागण्याच्या वृत्तीचा नाही.

शंका आणि समाधान

शंका: स्मरणाने शांती मिळत असता ती नको म्हणून दूर लोटावी काय?

समाधान: नाही. शांती आली तर ती घ्यावी आणि पुढे चालावे. वाटसरूस झाडाची सावली मिळाली तर त्याने बसावे. सावलीस घर समजू नये, एवढेच. शांतीचा द्वेष करणारा साधक आणि शांतीचा लोभ धरणारा साधक, दोघेही शांतीतच गुंतले आहेत.

शंका: ज्याचे चित्त अत्यंत क्षुब्ध आहे त्यास स्मरणच जमत नाही. मग त्याने आधी स्वास्थ्य मिळविले तर बिघडले काय?

समाधान: काही बिघडले नाही. आजारी मनुष्याने आधी बरे व्हावे. मनाचा आजार हा शरीराच्या आजाराप्रमाणेच आजार आहे. तो भक्तीची उणीव नव्हे. त्यासाठी वैद्याकडे जाण्यात अश्रद्धा नाही, आणि 'स्मरण कर, औषधाची गरज नाही' असे सांगणाऱ्याचा उपदेश घातक होय. दीर्घकाळ एकांती बसून स्वतःच्या चित्तास न्याहाळत राहणे काही मनोविकारांत त्रासदायकही ठरू शकते. म्हणून औषध औषधाच्या जागी असावे आणि साधन साधनाच्या जागी. औषधास साधन मानणे ही जशी चूक, तशीच साधनास औषध मानणे हीही चूकच.

शंका: हेतू शुद्ध आहे की नाही हे कसे ओळखावे? मन स्वतःस फसविण्यात चतुर आहे.

समाधान: मनास विचारून ते कळणार नाही, आचारावरून कळेल. त्याच्या तीन खुणा सांगता येतात. पहिली, स्मरण करणाऱ्यास स्वतःचा दोष पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागतो. पूर्वी ज्या कठोर शब्दाची जाणीव दुसऱ्या दिवशी होत असे, ती आता शब्द ओठांवर असतानाच होते. दुसरी, जवळच्या माणसांस त्याचा सहवास हलका वाटू लागतो. जो तासभर स्मरणास बसतो आणि उठताच कोणी दारात चप्पल वाकडी ठेवली म्हणून संतापतो, त्याने त्या तासात स्वतःचे स्वास्थ्यच कुरवाळले असे समजावे. तिसरी खूण सर्वांत खरी आहे: ज्या दिवशी शांती येत नाही त्या दिवशीही तो स्मरण सोडत नाही. ज्याचा हेतू शांती हा होता, तो शांती येईनाशी झाली की साधन बदलतो.

नित्य आचार

सावधानतेसाठी वेगळा वेळ काढावा लागतो असा आजचा समज आहे. महाविहाराच्या दिनचर्येत मात्र ती वेगळी काढलेलीच नाही. अटन, विजन, भिक्षा, भोजन हा भिक्षूच्या दिवसाचा आकार आहे आणि स्मरण त्या सर्वांतून ओवलेले आहे. चालताना पायाखालील जीव चिरडला जाऊ नये म्हणून खाली पाहणे, ही सावधानता आहे आणि अहिंसाही आहे. तेथे दोहोंत फरक करता येत नाही. भिक्षेस गेले असता कोणी वाढले, कोणी नाकारले. वाढणाऱ्याविषयी आसक्ती व नाकारणाऱ्याविषयी विकल्प मनात उठला की नाही हे पाहणे, ही चित्ताची परीक्षा रोज पाच-सहा दारी विनामूल्य होते. विकार, विकल्प व हिंसा यांपासून चित्तास राखणे हे ज्या सावधानतेचे काम आहे, ती डोळे मिटून बसण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून वागण्यात अधिक लागते.

बौद्ध वाङ्मयात तेलाच्या पात्राचा एक दृष्टान्त आहे. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र डोक्यावर घेऊन एकास गर्दीतून चालावयाचे आहे. एकीकडे लोकांची दाटी, दुसरीकडे सुंदर नर्तकीचे नृत्य, आणि मागे तलवार उपसलेला मनुष्य. थेंब सांडला की मस्तक उडणार. तो मनुष्य सावध असतो. पण त्यास 'निवांत' म्हणता येईल काय? तो निवांत नाही, आणि तरी त्याचे चित्त विखुरलेलेही नाही. साधकाची सावधानता अशी आहे. तिचा भार आहे. परंतु भार असलेले चित्त भरकटत नाही, आणि न भरकटणे हेच एका अर्थाने त्याचे स्वास्थ्य आहे.

गृहस्थ वासनिकास अटन-विजन नाही. त्यास शेत, दुकान, कचेरी, स्वयंपाकघर आहे. त्याने काय करावे? पहाटे उठताच हातात मोबाइल घेण्यापूर्वी नाम घ्यावे. कारण दिवसाची पहिली आठवण ज्याची, दिवस त्याच्या बाजूने झुकतो. गिऱ्हाइकास माप देताना हात कोणीकडे झुकतो ते पाहावे. सुनेशी, सासूशी, गड्याशी बोलताना आवाज कोणत्या शब्दावर चढला ते ध्यानात ठेवावे. आणि रात्री निजण्यापूर्वी दिवसातील एक तरी चूक स्मरून ती कोणाशी घडली, त्याच्यापाशी उद्या काय बोलावयाचे, हे ठरवावे. या शेवटच्या आठवणीने कदाचित झोप घटकाभर उशिरा येईल. ते चालेल. ज्या चुकीची आठवण राहिली ती दुरुस्त होऊ शकते; विसरली ती राहून गेली.

निष्कर्ष इतकाच की, सावधानतेने चित्तास विसावा मिळतो हे सत्य आहे, आणि पीडितास तो मिळवून देणे हे पुण्यकर्म आहे. परंतु साधकाने विसाव्यास साध्य मानू नये. ज्याच्या आठवणीने आपला दोष दिसतो, दुसऱ्याचे दुःख दिसते, आणि दूर असलेल्या परमेश्वराची ओढ लागते, ते स्मरण होय. मग त्याने मन शांत होवो वा व्याकुळ होवो. थोरल्या भावाने धाकट्याच्या दारी जाऊन जमीन परत करतो असे म्हटले, त्या रात्रीही त्यास झोप येईलच. पण ती येईल की नाही हे विचारून तो त्या दारी गेलेला नसेल.